हात मागे

चुळबुळबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि ते खोटं आहे असं खुद्द बाईंनाही म्हणता आलं नसतं. त्या शाळेत सुतारकाम शिकवायच्या. पन्नाशी उलटली तरी बूड टेकून बसणं काही जमलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत बसल्या की खडूचे तुकडे रांगेत लावायच्या, मोडायच्या, पुन्हा लावायच्या. नवरा म्हणायचा, हिच्या हातांना वेगळा पगार द्यायला हवा.

याचं मूळ बापाच्या कारखान्यात होतं. बाप सुतार, कसबी माणूस. लेकीनं रंधा धरला की चार हात मारेपर्यंत बघायचा आणि मग "सोड, मी करतो" म्हणून काढून घ्यायचा. प्रेमानंच. पण लग्नाचं वय झालं तरी तिनं एक स्टूलसुद्धा शेवटापर्यंत केलं नव्हतं.

म्हणून शाळेमागच्या झाडीत दर गुरुवारचा वर्ग सुरू केला तेव्हा बाईंनी एकच नियम ठेवला. ज्यांची नावं वर्गात फक्त नापासांच्या यादीत वाचली जात, अशी नऊ पोरं या वर्गात. त्यांच्या हातात करवत, दोरी, सुरी, काड्यापेटी द्यायची. आणि नियम हा, की ज्याचं काम चाललंय त्याच्या कामाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बघणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे. कुणी विसरलं की बाकीच्यांनी आठवण करायची, "हात मागे." हा नियम सगळ्यांत जड बाईंनाच जायचा. पाठीमागे स्वतःचं मनगट त्या एवढं आवळून धरत की घरी गेल्यावर वळ दिसायचे.

आणि आता या वर्गावरच गदा आली होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सोमवारीच सांगून ठेवलं होतं, या गुरुवारी येऊन बघते, पटलं नाही तर तो तास गणिताला देऊन टाकते. तेव्हापासून चुळबुळबाईंचं घरात लक्ष नव्हतं. तीन दिवस भाजी एकतर अळणी, नाहीतर खारट.

गुरुवारी चूल पेटवायची पाळी नेमकी मागचीवर आली. मागच्या बाकावर बसते म्हणून मागची. नववीत दुसऱ्यांदा बसलेली, उंच, खांदे पाडून चालणारी. पहिल्या दिवशी तिच्या हाती दोरी दिली तर तिनं ती शेजारणीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, मला नाही येत. गाठ कसली मारायची हेसुद्धा विचारलं नव्हतं.

आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. लाकडं दमट. दगडांचं रिंगण, शेजारी पाण्याची बादली, वर चहाची किटली आणि काड्या तीनच. ती इथली रीत. मोठ्या बाई नव्या चपला चिखलातून वाचवत आल्या, घड्याळ बघून म्हणाल्या, चालू द्या.

पहिली काडी वाऱ्यानं गेली. दुसरीनं पानं जळली, धूर झाला, लाकडानं काही दाद दिली नाही. मोठ्या बाईंनी पुन्हा घड्याळ बघितलं. मागचीनं एक जाड काटकी उचलली आणि सुरीनं उभी चिरायला घेतली, आतल्या कोरड्या लाकडाचा भुगा काढायला. सावकाश. भलतीच सावकाश. चुळबुळबाईंच्या बोटांना मुंग्या आल्या. हिला एवढंच करायचंय की, काडी जरा खालून लावायची. वर्ग जाईल. नऊच्या नऊ पोरं पुन्हा मागच्या बाकांवर जाऊन बसतील. आपण कधी खाली बसलो आणि काड्यापेटी कधी उचलली, हे त्यांना कळलंच नाही.

"दे, मी लावते," त्या म्हणाल्या. आवाज हुबेहूब बापाचा.

मागचीनं सुरी मिटली, खाली ठेवली आणि तळहात पुढे केला.

"बाई, हात मागे."

ती चिडून बोलली नव्हती. जेवताना मीठ मागावं तसं. चुळबुळबाईंचे कान तापले. त्यांनी पेटी तिच्या हातावर ठेवली, उठल्या, मनगट आवळलं.

मागचीनं काटकीचा भुगा रचला, तिसरी काडी ओढली, ओणवी होऊन फुंकर घातली. इवलीशी ज्योत वर आली, काटकीच्या टोकाला चिकटली, निळी झाली आणि विझली. किटली थंड ती थंडच.

आता ही खांदे पाडणार, नाही येत म्हणणार, असं धरून चुळबुळबाई उभ्या होत्या. मागचीनं नाक पुसलं, गालाला काजळी लागली. तिनं काटकी बोटांत फिरवून बघितली.

"भुगा कमी पडला," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी लाकडं आदल्या दिवशीच आत आणून ठेवू. मी येते शाळा सुटल्यावर."

पुढचा गुरुवार आहे की नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. चुळबुळबाईंना मोठ्या बाईंच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी खाली बघितलं, तर त्या नव्या चपला चिखलात घोट्यापर्यंत रुतलेल्या, आणि मोठ्या बाईंचे दोन्ही हात पाठीमागे. कधी गेले, देव जाणे.

"पुढच्या गुरुवारी मला अकराला जमेल," मोठ्या बाई मागचीला म्हणाल्या. "त्याच्या आधी पेटवू नकोस."

त्या गेल्या. पोरं किटलीतलं पाणी झाडांना घालायला लागली. चुळबुळबाई तिथेच उभ्या राहिल्या. विझलेल्या काटकीचं टोक जरासं सरळ करावं असं त्यांना फार वाटत होतं.