हरणाबाईची हमाली

हरणाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नवऱ्याला, भाऊसोला, कुशीवर वळवायचं, त्याची पाठ शेकायची, भाकरी थापायची आणि आष्ट्याहून सांगलीची पहिली एसटी धरायची.

भाऊसो सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या हमालांच्या टोळीत हळदीची पोती वाहायचा. मणका गेला आणि तो अंथरुणाला खिळला. हमालाची जागा त्याच्या घराला मिळते, हा आमचा रिवाज. भाऊ येतो, नाहीतर मुलगा. भाऊसोला भाऊ नव्हता, दोघी मुली सासरी आणि मुलगा शिवतेज फौजेत. म्हणून ती स्वतः आली. पदर खोचलेला, हातात भाऊसोचा पोती उचलायचा लोखंडी आकडा.

मुकादम नानासो हसला. "वैनी, पोराला बोलवा."

"त्यो शिमेवर हाय. जागा आमच्या घराची. घरात मी हाय."

"हमालीण म्हणून कुणी ऐकलंय का रं?" नानासोनं टोळीला विचारलं.

टोळीत लालासाहेब होता. तरुणपणी त्यानं कुवेतच्या बंदरात माल चढवला होता. तिथल्या इजिप्तच्या मुकादमाकडून शिकलेले शब्द तो चहाच्या वेळी ऐकवायचा. तो म्हणाला, "हमाल ह्यो शबुद मूळचा आपला न्हवंच, अरबांचा. ह, म, ल. म्हंजे वाहणं. त्याला लय फांद्या. पाठीवरचं ओझं ते हिमल. झाडाला लागलेलं फळ हमल. खिशातला फोन महमूल. दुश्मनावर चाल करून जाणं हमला. सोसणं तहम्मुल. आन् बाई पोटुशी असली की हामिला."

टोळी खिदळली. नानासोला जोर आला. "बघा वैनी, अरबांनी वाटणी करून ठिवलीया. पोटातलं तुमचं, पाठीवरचं आमचं."

"पोटातली तीन वागवली मी, आन् डोक्यावर उसाच्या मोळ्याबी. तुमी पाठीवरचं तेवढं एकच वागवलंसा, त्याचा एवढा तोरा?"

नानासोचा चेहरा उतरला. "हिला कुणी पोतं देऊ नगा," म्हणाला आणि वळला.

पोतं एकट्यानं पाठीवर घेता येत नाही. दोघं आकडे लावून उचलतात, तिसरा पाठ वाकवतो. हात कुणी दिला नाही की हमाल जागच्या जागी बाद. नको असलेला माणूस टोळी असाच घालवते.

हरणाबाईनं आकडा सरसावला. मग थप्पीकडे गेली. वरचा थर तिच्या खांद्याइतका होता. तिनं थप्पीला पाठ लावली, गुडघे वाकवले, मागं हात टाकून आकडा अडकवला आणि ओढलं. पोतं बाजूला पडून फुटलं. कुणी पुढं झालं नाही. तिनं हळद गोळा केली, सुतळीनं तोंड शिवलं आणि पुन्हा पाठ लावली. दुसरं पोतं पाठीवर बसलं. डावीकडं झुकलेलं. एका हिसक्यात तिनं ते मधोमध आणलं आणि फळीवरून ट्रकात चढली. नवखे फळीवर पळतात. ही पूर्ण पाऊल टेकून चालली. मला चूक काढता आली नाही.

वरचे थर तिनं एकटीनं संपवले. खालची पोती गुडघ्याच्या खाली. ती तशी निघत नाहीत.

नानासोनं विचारलं, "आता?"

"आता तुमी. ही एकट्याची न्हाईत. टोळी कशाला म्हणत्यात मग?"

ती फळीच्या तोंडाशी पाठ वाकवून उभी राहिली. फळी अडली. मागं पोती घेतलेले दोघं थांबले. ट्रकवाला ओरडू लागला. "आवं बाजूला व्हा!" नानासो म्हणाला.

"पोतं द्या. मग हुती बाजूला."

तिनं पाठ सरळ केली नाही. लालासाहेबानं आकडा उचलला. दुसरा लागतो, म्हणून मी माझा लावला. नानासो बघत राहिला. नको म्हणाला नाही. होही म्हणाला नाही.

त्याचं हो मिळवायची रीत वेगळी. नव्या हमालानं टोळीला जेवण घालायचं. टोळीनं ते खाल्लं की जागा पक्की. मग मुकादमालाही काढता येत नाही. भाऊसोच्या औषधाच्या खर्चातून पैसे मागं टाकता टाकता तिला वर्ष लागलं. वर्षभर नानासो तिला "ती बाई" म्हणायचा आणि वजनदार पोती तिच्याच वाट्याला लावायचा. तिनं एकही परतवलं नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी यार्डाच्या मागं पंगत बसली. रांधायला तिनं आचारी लावला. स्वतः गड्यांच्या ओळीत, नानासोच्या शेजारी मांडी घालून बसली.

"मुकादमास्नी आदी वाढ रं," ती आचाऱ्याला म्हणाली. "नळी घाल."

नानासोनं ताटाकडं पाहिलं. सगळी ओळ थांबली होती. त्यानं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि खाल्ली.

बोकड हरणाबाईच्या मजुरीचा होता.