सगळी दारं उघडी

जगातली प्रत्येक अडचण आयर्लंडच्या कुठल्यातरी खेड्यात आधीच येऊन गेलेली आहे आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी तिच्यावर म्हण करून ठेवलेली आहे, अशी न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आमच्या शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या आयरिश गृहस्थांची पक्की समजूत होती. त्यांना आम्ही आजोबा म्हणायचो आणि ते ओ द्यायचे. मी भर वाऱ्यात गळकं छप्पर बघायला शिडी लावली, की हे कुंपणापलीकडून ओरडायचे, "वाऱ्याच्या दिवशी छप्पर शाकारू नये!" आता वेलिंग्टनच्या आसपास बिनवाऱ्याचा दिवस शोधायचा, तर आमचं छप्पर जन्मभर गळणार. सर्दीवर औषध काय, तर लोणी आणि व्हिस्की. पाहुण्याने आल्या दारानेच परत जावं, नाहीतर घरातलं नशीब त्याच्यामागे जातं, म्हणून मागच्या दाराने आलेल्या प्लंबरला त्यांनी पुढच्या दारातून मागे वळवून मागच्याच दाराने घालवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

२०१४ साली माझी बायको अनघा बाळंतपणाला हॉस्पिटलात गेली आणि अडली. दुपार झाली, मिडवाईफ कमी बोलायला लागली आणि बाळाचे ठोके मंदावले. तेवढ्यात चौकशीला आजोबांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, "बाई अडली की घरातली कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या. तुमची किल्ली आहे माझ्याकडे. जाऊ?"

एरवी मी हसलो असतो. "जा आजोबा, असेल नसेल ते सगळं उघडा," मी म्हणालो. पुण्याला आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर सांगतायत ते. आधी तुझ्या बुटांच्या नाड्या सोड." मी सोडल्या.

संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बाळाचे कपडे न्यायला घरी आलो, तर दारं, खिडक्या, कपाटं, ओव्हन, पिठाचा डबासुद्धा उघडा! वाऱ्याने पीठ हॉलभर झालेलं. वाळत घातलेल्या माझ्या पायजम्यांच्या नाड्याही सोडलेल्या. आणि दारात खुर्ची टाकून, कोटाची कॉलर वर करून, आजोबा कुडकुडत राखण करत होते.

"मुलगी झाली," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"माझी बायको अडली होती, तेव्हा माझ्या आईने हेच सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "मी तिला हसलो होतो."

त्यांची बायको तरुणपणीच गेली आणि मूलबाळ नव्हतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यांना तसंच गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. अनघाने बाळ त्यांच्या हातात दिलं.

"फार उशीर केलास गं पोरी," ते बाळाला म्हणाले.