केए ३८, १९५६

गेल्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, नेपाळच्या सीमेवर माझी बॅटरीवर चालणारी तीनचाकी अडवली गेली. संतपूरहून लुंबिनीला निघालेल्या बसमध्ये आम्ही एकतीस जण होतो. माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओनं गेले. मला कुणी पाठीवर उचलायचं नाही, या अटीवर मी निघालो होतो. म्हणून तीनचाकी टपावर बांधून आणली होती.

नाक्यावर सगळ्यांनी उतरून, ओळखपत्र दाखवून पलीकडे चालत जायचं होतं. तीनचाकी टपावरून उतरवली आणि मी तिच्यावर बसलो. अधिकाऱ्यानं माझं मतदार कार्ड पाहून परत दिलं. मग तीनचाकीची मागची पाटी वाचली : केए ३८, १९५६.

"रजिस्ट्रेशन?"

अशा गाडीला नोंदणी लागत नाही. पाटी थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, दाजींनी, आपल्या वेल्डिंगच्या दुकानात हौसेनं बनवून पक्की जोडली होती. केए ३८ हा आमच्या बिदरच्या गाड्यांचा क्रमांक. १९५६ हे धम्मदीक्षेचं साल. मी सरकारकडून गाडी मिळाल्याचं पत्र पुढे केलं. ते कन्नडमध्ये होतं.

"साब, नंबर नै ये. साल है, साल!" दाजी म्हणाले.

"साल नंबर प्लेट पर? नकली नंबर की गाड़ी नहीं जाएगी."

बसचा परवाना झाला होता. चालक येऊन म्हणाला, "साडेअकराला बसचं फाटक सुटतंय, अण्णा. मग थांबता येणार न्हाई."

दाजी माझ्याकडे वळले. "पेपरवाले, एरवी मंत्र्याला परश्न इचारताव. हितं कामून गप बसलाव?"

"पाठीवर घेऊ का?" बहीण म्हणाली. "शंभर पावलं बी न्हाईत."

"न्हाई."

पाटी काढली तर चालेल का, असं मी अधिकाऱ्याला विचारलं. व्हीलचेअर म्हणून लिहून घेईन, असं त्यानं सांगितलं.

"काढा, दाजी."

"निघत न्हाई ती. कापावं लागतंय. छप्पन साल कापू व्हय मी?"

"एवढं पक्कं जोडा म्हणून कोण सांगितलं होतं?" बहीण म्हणाली. "बस जायलीय. कापा."

पंक्चरच्या दुकानातून दाजींनी लोखंड कापायची करवत आणली. वेल्डिंगचे टाके चार होते. तिसऱ्यावर पातं तुटलं. दुकानात दुसरं नव्हतं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. दाजींनी पाटी दोन्ही हातांनी धरली आणि वर-खाली वाकवायला सुरुवात केली. अकरा वीसला ती निघाली. त्यांचा उजवा तळहात कापला होता. बहिणीनं त्यावर रुमाल बांधला.

अधिकाऱ्यानं वहीत लिहिलं : व्हीलचेअर, एक. अकरा पंचवीसला मी मोटर सुरू केली आणि पायी जाणाऱ्यांचं फाटक ओलांडलं.