लाल दिवा आणि मशीनपुढची चप्पल

चार्जरवरचा लाल दिवा लागला आणि देवधर काकांनी चक्क टाळी वाजवली.

“बघा! मी म्हणत नव्हतो?” ते म्हणाले. “वानखेडे मॅडम, आता तुमचं यंत्रच सांगतंय. ही बिल्डिंग असल्या गाडीसाठी नाही.”

सदाशिव पेठेतल्या एका चार मजली सोसायटीचं ते पार्किंग. देवधर काका सोसायटीचे चेअरमन, बँकेतून रिटायर झालेले. मी लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. माझ्या शेजारी चेहरा पाडून उभी होती ती शर्वरी, दुसऱ्या मजल्यावर राहणारी फिजिओथेरपिस्ट आणि माझी क्लायंट. चार्जर बसवायला कंपनीचा टेक्निशियन आला होता. त्याने दिवा बघितला, बॅग उचलली आणि म्हणाला, “अर्थिंग नीट करून घ्या, मग फोन करा. हा चार्जर मी असा चालू करून देणार नाही.” मुलगा शहाणा होता. मीही तेच केलं असतं.

शर्वरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंट्सच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. निम्मे पेशंट सिंहगड रोडला, काही माझ्या धायरीत. इतकी वर्षं उपचाराची सगळी मशिनं स्कूटरवर लादून फिरली. “लोकांच्या कमरा सरळ करता करता माझीच गेली,” असं ती हसत सांगायची, पण उठताना कठड्याचा आधार घ्यायची. म्हणून तिने इलेक्ट्रिक कार बुक केली. पुढच्या आठवड्यात गाडी हातात येणार होती आणि घरी चार्जिंग नसेल तर तिचा काही उपयोग नव्हता.

गाडीचा चार्जर म्हणजे मोबाइलचा चार्जर नव्हे. दोन-तीन गीझर एकदम लावून तासन्‌तास चालू ठेवावेत, एवढा त्याचा भार. त्यासाठी मी आधी शर्वरीचा मंजूर लोड वाढवून घेतला. मीटर रूमपासून तिच्या पार्किंगपर्यंत वेगळी जाड केबल टाकली. शेवटी वेगळा बॉक्स बसवला. त्यातला ब्रेकर जरा कुठे वीज गळाली की खटकन पडतो. हे सगळं चोख झालं होतं. अडलं होतं फक्त अर्थिंगवर.

अर्थिंग म्हणजे यंत्राच्या पत्र्यात चुकून उतरलेल्या विजेला जमिनीत जायची वाट. ही वाट बुजली की वीज पत्र्यावरच बसून राहते. मग तुम्ही हात लावता आणि ती तुमच्यातून वाट काढते. गाडीचा चार्जर याबाबतीत सोवळ्यातला असतो. वाट स्वच्छ दिसली नाही तर तो कामच सुरू करत नाही.

मी पहिल्याच दिवशी चार्जरसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा मागितला होता. काका म्हणाले, “पार्किंगमध्ये नव्या टाईल्स बसवल्यात. एकीलाही हात लावायचा नाही. बिल्डिंगला अर्थिंग आहे, तेच वापरा.” मी अर्थिंग मोजायचा टेस्टर लावून दाखवला. आकडा पाचच्या आत हवा होता, तो शंभराच्या वर गेला. काका म्हणाले, “तुमचा टेस्टर बिघडलाय.” मी म्हटलं, ठीक आहे, चार्जरलाच विचारू. आता चार्जरनेही तेच सांगितलं, तर काकांनी त्याचा अर्थ भलताच लावला.

“रविवारी सोसायटीची मीटिंग आहे,” ते शर्वरीला म्हणाले. “मी ठराव मांडतोय. या बिल्डिंगमध्ये गाडीचा चार्जर नको. तुला दिलेली परवानगी रद्द.”

“काका, अहो गाडी येतेय माझी!”

“येऊ दे की. बाहेर कुठेतरी चार्ज कर.”

माझं डोकं तापलं होतं. तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून देवधर काकूंनी हाक मारली. “अगं, किती वेळ उभ्या आहात! वर या, चहा टाकलाय.” पेठेत चहाचं असं बोलावणं म्हणजे लॉटरी लागण्यापेक्षा दुर्मिळ. आम्ही गेलो. काकाही आले, कारण घर त्यांचंच होतं.

आमच्या हातात चहा देऊन काकू धुण्याकडे वळल्या. वॉशिंग मशीनपाशी गेल्या, पायांत रबरी चप्पल सरकवली आणि मग झाकण उघडलं. बाकी घरभर त्या अनवाणी होत्या.

“काकू, चप्पल कशाला?” मी विचारलं.

“अगं, मुंग्या येतात ना हाताला. ह्यांनीच सांगितलंय, चप्पल घालायची आणि मगच मशीनला हात लावायचा.”

मी कप खाली ठेवला. माझं माहेर यवतमाळकडचं. आमच्याकडे उन्हाळ्यात लोखंडी कूलरला हात लावायचा तर आधी पायात चप्पल, हे पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. आणि चैत्र लागला की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकायचं काम माझ्याकडे असे. माती ओली तर वाट मोकळी, माती कोरडी तर वाट बंद. अर्थिंग सगळ्या घरांना एकच, म्हणून मला तेव्हाच खात्री पटली. दुखणं एका गाडीचं नव्हतं, सबंध बिल्डिंगचं होतं.

मी बॅगेतल्या मल्टिमीटरची एक पिन मशीनच्या पत्र्याला लावली, दुसरी नळाला. शून्य दिसायला हवं होतं. चाळीसच्या पुढे व्होल्ट दिसले.

“काका, तुमच्या मशीनच्या पत्र्यावर वीज आहे.”

“म्हणून तर चप्पल ठेवलीय,” काका शांतपणे म्हणाले. “वर्षानुवर्षं चाललंय. कोणी मेलं का?”

या उत्तरावर शिक्षण, अनुभव, लायसन्स, काही चालत नाही. मी खाली उतरले आणि मीटर रूममधून निघणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा माग काढला. पट्टी भिंतीवरून खाली आली, जमिनीलगत थोडी सरकली आणि कोपऱ्यातल्या सांडपाण्याच्या जाळीजवळ नव्या टाईलखाली गडप झाली. भिंतीवर, नेमकी तिच्या वर, पाटी होती: ‘येथे गाड्या धुवू नयेत. गाडी इतकीच प्रिय असल्यास बाथरूममध्ये न्यावी.’

काकू गॅलरीतून बघत होत्या. मी विचारलं, “पूर्वी गाड्या इथेच धुवायचे का?”

“हो, तिथेच. पाण्याचे हाल व्हायला लागले तशी ह्यांनी बंदी घातली. मग टाईल्स आल्या.”

तेव्हा मला हसू फुटलं. गाड्या धुतलेलं पाणी रोज त्या खड्ड्यात मुरायचं आणि बिल्डिंगचं अर्थिंग आपोआप जिवंत राहायचं. काकांनी पाणी वाचवलं, वर टाईल बसवली, आणि स्वतःच्याच मशीनमध्ये वीज अडकवून ठेवली. हेतू उत्तम होता. पुण्यात हेतू नेहमी उत्तमच असतो. मी टाईल काढायची परवानगी मागितली. “मीटिंगमध्ये बोला,” काका म्हणाले.

रविवारी मीटिंगला गेले. काकांनी ठराव वाचला आणि मला म्हणाले, “दोन मिनिटं. त्याहून जास्त नाही.”

मी अर्थिंगवर भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, “ज्यांच्या घरी मशीनला किंवा गीझरला हात लावायच्या आधी चप्पल लागते, त्यांनी हात वर करा.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पहिला हात देवधर काकूंचा वर गेला. नवऱ्याकडे न बघता गेला. मग चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा. मग एका गृहस्थांचा. ते चिडून म्हणाले, “मी मशीन नवीन घेतलं हो याच्यापायी! मला वाटलं माझंच खराब आहे.” बघता बघता निम्म्याहून जास्त हात वर झाले. प्रत्येकाला वाटत होतं की ही चप्पल फक्त आपल्याच घरात आहे.

“हा गुण गाडीचा नाही,” मी म्हटलं. “गाडी अजून शोरूममध्ये आहे.”

हशा झाला. काकांचा चेहरा तसूभरही बदलला नाही. “प्रश्न चार्जरचा आहे,” ते म्हणाले.

मग शर्वरी उभी राहिली. “काका, दर बुधवारी मी तुमच्या गुडघ्याला मशीन लावते. ते तुमच्याच घरातल्या प्लगवर चालतं. वानखेडे मॅडमनी तुमच्याकडचं रीडिंग सांगितल्यापासून मला झोप नाही. अर्थिंग नीट होईपर्यंत मी ते मशीन तुम्हाला लावणार नाही. सॉरी, पण ही रिस्क मी नाही घेऊ शकत.”

काकांनी एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. ठरावाच्या कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “कोणती टाईल काढायची, ते दाखवा.”

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो मी लपवला नाही. भर मीटिंगमध्ये हसले.

टाईल निघाली. खाली खड्डा होता आणि त्यातली माती भाजलेल्या विटेसारखी कोरडी. पट्टीचा जोड गंजून हातात आला. मी आधी नुसता जोड साफ करून घट्ट केला आणि खड्ड्यात पाणी ओतवलं. माती ते गटागटा प्यायली. टेस्टरचा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली आला. “टेस्टर दुरुस्त झाला वाटतं,” कोणीतरी मागून म्हणालं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

मग पुरतं काम केलं. जुना खड्डा उकरून नवा पाइप, नवी पट्टी, ओल धरायला मीठ-कोळसा भरून वर झाकण आणि पाणी ओतायला नरसाळं. शेजारी चार्जरसाठी दुसरा खड्डा. त्यासाठी आणखी दोन टाईल्स गेल्या आणि कोणी चकार शब्द काढला नाही. एका घरातली गळती अर्थिंगच्या पट्टीवरून सगळ्यांच्या मशीनपर्यंत पोचते, म्हणून वीज गळणारे गीझर कोणकोणत्या घरात आहेत तेही शोधून बदलायला लावले.

टेक्निशियन पुन्हा आला. या वेळी चार्जरवर हिरवा दिवा लागला. शर्वरीने मला मिठी मारली आणि मग तिलाच रडू आलं. गाडी आली त्या दिवशी तिने मशिनं डिकीत ठेवली आणि कठड्याचा आधार न घेता गाडीत बसली. पहिली फेरी धायरीची होती. मला घरापर्यंत सोडलं.

पुढच्या वेळी गेले तर कोपऱ्यातली पाटी बदलली होती: ‘हा अर्थिंगचा खड्डा आहे. यात रोज एक बादली पाणी ओतावे. हे पाणी ओतताना गाडी मध्ये आणू नये.’ खाली चेअरमन म्हणून सही. ती बादली रोज सकाळी काकाच ओततात, असं काकूंनी सांगितलं. त्या मशीनपाशी अनवाणी उभ्या होत्या आणि रबरी चप्पल जिन्यात बाहेर पडलेली होती.

तेव्हापासून चार्जरचं काम आलं की मी पार्किंगमध्ये आधी जात नाही. वर घरात जाते आणि मशीनपुढे चप्पल आहे का, ते बघते.