गिरणीला यायचं कसं?

सूतगिरणीत तूस कुठून येऊन साठतं ते कळत नाही. सकाळी झाडलेला कोपरा दुपारी पांढरा. किश्शांचंही तसंच. मी टाइम ऑफिसला होतो, म्हणजे गेटजवळच्या खिडकीत बसून कोण कधी आलं ते लिहायचं. त्या खिडकीपाशी इतके किस्से साठले की आता मित्रमंडळी जमली की फर्माईश त्यांचीच होते. लोक पोट धरून हसतात. खरं सांगू का, घडताना मला एकाचंही हसू आलं नव्हतं.

हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता. आमचे जी.एम. साहेब पुण्याकडचे. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी मीटिंग! एवढी मोठी गिरणी, एवढी माणसं, आणि जो तो आपापल्या मोटारसायकलवर. किती धूर, किती पेट्रोल, किती अपघात! आता सायकलनं यायचं, गिरणीच्या बसनं यायचं, नाही तर दोघांनी मिळून एका गाडीवर. हे सगळं बघायला माणूस हवा म्हणून साहेबांनी नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"हे बघा, हे रोज सायकलवर येतात."

माझी मोपेड गॅरेजात पडली होती म्हणून आठवडाभर मी मेव्हण्याची सायकल वापरत होतो. ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

*

मीटिंग संपल्यावर माझ्या खिडकीशी एकच जण विचारायला आलं. सुताच्या लडी करतात त्या रीलिंग खात्यातल्या विमलबाई राठोड. नरसीच्या अलीकडे रस्त्यापासून आत एक तांडा आहे, तिथल्या. तांड्यावरून गिरणीत लागलेल्या त्या पहिल्याच. घरच्यांची अट एकच होती, दिवेलागणीच्या आत घरी यायचं. गिरणीची बस त्यांना फाट्यावर सोडायची म्हणून ती अट पाळली जायची आणि नोकरी टिकून होती. पण मोटारसायकली वाढल्या तशी बस रिकामी धावू लागली होती, आणि ती बंद करायचं बोलणं अकाउंट्सवाल्यांनी काढलं होतं.

"बाबू, ह्यानं बस भरंल का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, भरेल. मला तेव्हा तसं खरंच वाटत होतं.

*

पहिला नंबर सायकलचा. साहेबांनी गिरणीतर्फे कामगारांना सायकली दिल्या. चकचकीत, घंटीसकट. वाटपाला फोटोग्राफर आला, हार झाले.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर उभा. एक सायकल येईल तर शपथ! तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी एकाला धरलं, तो कुरुंद्याचा होता. सायकल कुठाय? तर म्हणाला, "पोरगी जाती की साळंत. पहिले पायी जायची, पाय दुखायचे लेकराचे."

दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं, सगळीकडे पोरीच. साहेबांना काय सांगावं? मी सांगितलं, सायकली रोज वापरात आहेत. साहेब खूश झाले. आमच्या सगळ्या योजनेतलं एवढं एकच काम नीट झालं, आणि ते आम्ही ठरवलेलं नव्हतं.

*

मग मी विठ्ठल जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, मागे लागलो. पोरगं गुणी होतं, नुकतंच लग्न झालेलं. सासऱ्यानं लग्नात मोटारसायकल दिलेली. लोक विठ्ठलचं ऐकतात, तो सायकलवर आला तर दहा जण येतील असा माझा हिशेब. महिनाभर त्याचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तो एका सोमवारी सायकल घेऊन आला. मला कोण आनंद!

गुरुवारी गेटवर कळमनुरीकडची एक जीप उभी राहिली. त्यातून विठ्ठलचा सासरा उतरला, बरोबर गावचे चार वडीलधारे. सासरा माझ्या खिडकीशी आला आणि हात जोडून म्हणाला, "बाबू, तुमी मधात पडा. आमी गाडी बराबर दिली होती. काहून रुसले जावई?"

मी धूर सांगितला, पेट्रोल सांगितलं, पर्यावरण सांगितलं. पाचही जण मन लावून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर सासरा हळूच म्हणाला, "ते समदं खरं हाय. पन जावयाला चारचाकीच पायजे का?"

तिकडे विठ्ठलची बायको दोन दिवस जेवली नव्हती. शुक्रवारी विठ्ठल मोटारसायकलवर आला. माझ्या खिडकीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

*

दोघांत एक गाडी, ही योजना मात्र जोरात चालली. इतकी जोरात की आठ दिवसांत एका गाडीवर तिघं येऊ लागले. पोलिसांनी अडवलं तर म्हणायचे, जी.एम. साहेबांची स्कीम हाय.

पण खरी गंमत हजेरीत झाली. एक आला नाही की त्याचे सोबतीही घरी. एकाची बायको बाळंत, रजा तिघांची. एकाची सोयरीक, तयारी तिघांची. कनेरगाव नाक्याकडून येणारा एक गडी दोन दिवसांनी उगवला. मी विचारलं, काय झालं होतं?

तो म्हणाला, "ताप होता."

"कोणाला?"

"गाडीवाल्याला."

महिन्याच्या शेवटी साचे, म्हणजे सुताची यंत्रं, माणसांवाचून बंद उभे राहायला लागले, तेव्हा साहेबांनीच ती योजना गुंडाळली.

*

राहिली बस. बस चालवायचे रहीमभाई, शांत माणूस. बसमध्ये पुढचं सीट अधिकाऱ्यांचं. अधिकारी कधी येत नसत, पण त्या सीटवर कोणी बसत नसे. मागच्या बाकावर हादरे खात येतील, पण ते सीट रिकामं. मी साहेबांना गळ घातली, एक दिवस तुम्ही बसनं या, लोकांवर परिणाम होईल.

परिणाम झाला! साहेब हिंगोलीत बसले, पुढच्याच सीटवर. पुढच्या थांब्यावर लोकांनी दारातून आत डोकावून पाहिलं आणि मागे सरले. साहेब बसलेत, त्यांच्या मागं पाय पसरून आपण कसं बसायचं? तसंच त्याच्या पुढच्या थांब्यावर. साहेब हात करून बोलावत होते तसतसे लोक नमस्कार करून लांब होत होते. त्या दिवशी बसमधून गेटवर दोघंच उतरले, साहेब आणि रहीमभाई. मागून साहेबांची गाडी येत होती. तीही रिकामी.

*

अकाउंट्सवाल्यांनी मग अखेरची मोजणी लावली. अमुक दिवशी बसमध्ये डोकी मोजणार, बस भरली तर राहील, नाही तर बंद. मी विमलबाईंना सांगितलं. त्यांनी तारीख दोनदा विचारून घेतली.

मोजणीच्या दिवशी बस गच्च भरून आली! म्हातारे, म्हाताऱ्या, कडेवरची लेकरं. विमलबाईंनी सगळा तांडा बसमध्ये घातला होता. अकाउंट्सच्या साहेबानं एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुम्ही कोणत्या शिफ्टला?"

म्हातारा म्हणाला, "बकऱ्या सोडल्यावर जी असंल त्या."

माणसं बिचारी दिवसभर गेटबाहेरच्या लिंबाखाली बसली, परतीच्या बसची वाट पाहत. ती त्यांची पहिली आणि शेवटची फेरी. पुढच्या महिन्यात बस बंद झाली आणि रहीमभाईंना साहेबांच्या गाडीवर घेतलं. विमलबाई पायी येऊ लागल्या, तासाभराची वाट. शिफ्ट सुटली की पदर खोचून तडक निघायच्या, तेव्हा कुठे उजेडात घर गाठायच्या.

*

त्या थंडीत वार्षिक समारंभ आला. वरून विचारणा झाली, तुमच्या त्या योजनेचं काय झालं? साहेबांनी मला बोलावून विचारलं, आपल्याकडे पेट्रोलशिवाय कोण येतं? माझ्याकडे एकच नाव होतं.

बक्षिसाची ढाल द्यायची म्हणून विमलबाईंना स्टेजवर खुर्ची दिली. पाहुणे उशिरा आले, मग भाषणं लांबली. पर्यावरण, पृथ्वी, पुढची पिढी. विमलबाई मांडवाच्या कडेकडे बघत होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "बाबू, उजेड चालला."

मी साहेबांच्या कानाला लागलो. साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं.

ढाल हातात पडली तेव्हा पुरता अंधार झाला होता. साहेबांना चूक कळली. म्हणाले, माझ्या गाडीतून सोडतो.

विमलबाई म्हणाल्या, "चालायचं बक्षीस दिलं न साहेब तुमी? मंग गाडीतून कशी उतरू? तांडा पाहून राहिला असंल."

ढाल त्यांनी डोक्यावर घेतली आणि त्या निघाल्या. त्या रस्त्याला दिवा नाही. ट्रक अंगाला घासून जातात. साहेब तसेच उभे. रहीमभाईंनी न विचारता गाडी चालू केली. साहेब मागे बसले, मी पुढे.

विमलबाई पुढे चालत होत्या, मागे आम्ही तिघं, हेडलाइट लावून, पहिल्या गिअरमध्ये. ढाल चमकत होती. मध्येच रहीमभाई एवढंच म्हणाले, "साब, इंजन गरम हो रहा."

फाट्यावर विमलबाई थांबल्या. मागे आल्या, साहेबांच्या खिडकीशी वाकल्या.

"लई कामी आला उजेड," म्हणाल्या. "उद्या बी येता का, साहेब?"

साहेबांनी काच वर केली आणि रहीमभाईंना गाडी वळवायला सांगितली.