दांड्याची फट

लिनो मिस्त्रीचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. कल्याणच्या बंदरावर महिपतशेटची जुनी आगबोट नवं इंजिन पोटात घेऊन नुकतीच पाण्यात उतरली होती, आणि शेटला तासाभरात, मुहूर्तावर, ठाण्याला निघायचं होतं. उतारू गाठोडी घेऊन काठावर बसलेले. फोडायचा नारळसुद्धा तयार.

"दांडा तपासल्याबिगर बोट हलायची नाय," लिनो म्हणाला.

"अरे, काल तूच तपासलास ना काठावर?"

तपासला होता, म्हणून तर संताप! इंजिनाच्या टोकाला एक लोखंडी तबकडी, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्याला दुसरी. दोन्ही एकमेकींना सगळीकडून सारख्या टेकल्या, तरच बोल्ट आवळायचे. लिनो ताडाच्या पानाची पट्टी मधल्या फटीत चारी बाजूंनी घालून बघे. काल ती सगळीकडे सारखीच अडकली होती. पण काठावर ओंडक्यांवर बसलेली बोट वेगळी आणि पाण्यात तरंगणारी वेगळी. जुनं लाकूड पाण्यात अंग सैल सोडतं, आणि इंजिन एकीकडे, दांडा दुसरीकडे बघायला लागतो. हे शेटला चारदा सांगून झालं होतं. पण ऐकून घ्यायला माणसाला कान लागतात!

"हा मुहूर्त टळला तर पुढं आठ दिवस चांगला दिवस नाही. चल, वाफ धर!"

लिनो बोटीत उतरला, तबकड्यांचे चारही बोल्ट काढले आणि कमरेच्या रुमालात बांधून टाकले. काठावर एकच गिल्ला झाला. शेट लालबुंद होऊन मागोमाग उतरला.

"बोल्ट दे!"

"आधी ही धरा." लिनोने त्याच्या हातात पट्टी कोंबली. "खालच्या फटीत घाला."

पट्टी आत शिरेना.

"आता वर."

वर ती सहज गेली. लिनोने तिच्या जोडीला दुसरी दिली, तीही गेली. तिसरीही गेली. शेटचा चेहरा उतरला.

"अशीच आवळून पळवली की दांडा दर फेऱ्याला वाकतो!" लिनो काठावरच्यांनाही ऐकू जाईल असा ओरडत होता. "वाकून वाकून एक दिवस तुटतो! मागच्या इंजिनाला हेच झालं. तवाबी तुमची घाई, आणि हात गेला माझ्या भावाचा! वर लोखंड कच्चं होतं म्हणून गावभर सांगत फिरलात!"

शेट मान खाली घालून वर चढला. नारळ उचलायला सांगितला. उतारू कुरकुरत पांगले. लिनो जिंकला होता, तरी राग काही उतरत नव्हता. इंजिनाखाली पाचर घालायला तो वाकला, तेव्हा बोटीला लावलेल्या फळीवर थॉमस उभा दिसला. हाच तो धाकटा भाऊ. पाच वर्षांपूर्वी याच बोटीवर दांड्याला तेल घालायचा. आता डाव्या बाहीला गाठ मारलेली.

"दादा, तवा बोट पाण्यात उतरल्यावर तू पट्टी लावून बघितलेलीस?"

लिनोच्या हातातली पाचर हातातच राहिली. बघितली होती. शेट तेव्हाही असाच ओरडला होता, आणि लिनोने मुकाट्याने बोल्ट आवळले होते.

"बोल ना रे."

"वर दोन गेलेल्या," लिनो म्हणाला.

थॉमस फळीवरून उतरला आणि मागे न बघता चालू लागला. पाच वर्षं तो लोखंडालाच शिव्या देत आला होता.