महालक्ष्म्यांच्या पंगतीतली सना

आंबिलीचा आंबूस वास आला की मला सक्करदऱ्याच्या आमच्या घरातलं, मी सातवीत असतानाचं महालक्ष्म्यांचं जेवण आठवतं. शाळेतली मैत्रीण सना मी बोलावलं म्हणून आली होती. ती पानावर बसणार, तोच शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "हिले काहून बसवून राहिली वं पंगतीत?"

सना थबकली. ती आता परत जाईल, पुन्हा कधी येणार नाही, या भीतीने मी तिचा हात घट्ट धरला.

आईने महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांकडे पाहिलं. "ह्या दोघी बहिणी लेकरं घेऊन आल्या. त्यात अजून एक पोरगी आली तर त्याईले काय जड होते? सरका जरा."

काकू सरकल्या.

"इतके देव कशाला?" असं हल्ली कुणी विचारलं, तर मी शांतपणे सांगते, त्यांच्यामुळे घराला येणाऱ्यासाठी जागा करायची सवय लागते.